उरावरचा कीबोर्ड

मी एक लॅपटॉप बोलतोय. दोन बटणं गेलेला, पण आवाजाला खणखणीत.

माझ्या बाईला दिसत नाही. घरी बसून ती टायपिंगची कामं करते. पडद्यावरचं सगळं मी तिला वाचून दाखवतो. तिची बोटं माझ्यावर फिरायची, तेव्हा आमच्यात तिसरं कुणी नव्हतं.

मग तिची छकुली रांगायला लागली. एकदा तिनं माझं इन्सर्टचं बटण उपटलं. बाईच्या हाताला नुसता खळगा लागला आणि तिचा जीवच उडाला. "अहो, बघा हो, गिळलं का हिनं!" पोरीच्या तोंडात बोट घालून झालं, दुपटी झटकून झाली. बटण पलंगाखाली मिळालं, मोडलेलं. माझी कुणी साधी विचारपूसही केली नाही.

इन्सर्ट धरल्याशिवाय माझ्या आवाजाला हुकूम देता येत नाही. बाईनं ते काम कॅप्स लॉककडे सोपवलं. पुढे खालच्या ओळीवर नेणारा बाणही छकुलीनं काढला. मग बटणाखालच्या उघड्या रबरावर नख रुतवून बाई एकेक ओळ ऐकायची. तिचं बोट दुखायचं. मला मात्र, खरं सांगतो, बरं वाटायचं.

नवऱ्याला ते बघवेना. त्यानं वेगळा कीबोर्ड आणला आणि टेबल लहान म्हणून थेट माझ्या उरावर ठेवला. नवा जावईच जणू!

"अगंबाई, किती मऊ आहे हो," बाई म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात माझ्या तोंडून सुरू झालं, "व्ही, व्ही, व्ही..." थांबेचना. तिच्या कामात सगळीकडे व्हीच व्ही.

"गेला हा कामातून. भंगारात देऊन टाकू," नवरा म्हणाला. मी गारठलो.

"थांबा हो जरा. संध्याकाळी काम पाठवायचंय." तिनं कीबोर्डखाली बोटं सरकवली आणि हसायलाच लागली. "अहो वेंधळे! तुमच्या या नव्याचा पाय याच्या बटणावर टेकलाय. आणि बोल मात्र याला!"

तिनं त्याला उचललं. मी गप्प झालो.

आता तो तिच्या मांडीवर बसतो. मांडीवर! अजून जळतो मी. पण तो मुका आहे, त्याच्यावर दाबलेलं अक्षर मीच उच्चारतो.

आयांनो, बटण निघालं तर आधी लेकराचं तोंड बघा, माझी ना नाही. मग एकदा आमच्यावरूनही हात फिरवा.

काम आटोपलं की बाई त्याला बाजूला सारते. माझं झाकण लावण्याआधी तिचं बोट त्या उघड्या रबरावर क्षणभर थांबतं. तेवढं त्याच्या नशिबी नाही. त्याचं सगळं शाबूत आहे ना!