उरलेल्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. कुणी जिन्यावरून धावत गेले किंवा बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र सुरू झाले, की माझ्या पोटात खडखड सुरू होते. रिकामा डबा फार वाजतो असे लोक म्हणतात. त्यांना काय माहीत! अर्धा भरलेला डबा त्याहून जास्त वाजतो, आणि मी जवळजवळ जन्मभर अर्धाच भरलेला होतो.

कारखान्यात सपाट पत्रा कापून, ठोकून मला चौकोनी केले. झाकणावर छत्री घेतलेल्या मुलीचे चित्र छापले आणि पोटात बिस्किटे भरली. तेव्हाचा माझा थाट विचारू नका. या घरात मी भेट म्हणून आलो. बिस्किटे संपली तशी माझी रवानगी अडगळीत होणार होती, पण घरातल्या आत्याने मला उचलले. "चांगला धडधाकट डबा आहे, टाकायचा कशाला?" असे म्हणत तिने माझ्यात औषधे ठेवली.

"टाकायचं कशाला" हा तिचा मंत्रच होता. दाढ काढली तेव्हाच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल, घसा धरला तेव्हाच्या पांढऱ्या गोळ्या, कुणाच्या तरी तापाच्या निळ्या. बरे वाटले की औषध बंद, आणि उरलेले माझ्या पोटात. शेजारणी दारातूनच विचारायच्या, "आत्या, डब्यात काही आहे का हो?" आत्या चष्मा न लावताच रंगावरून गोळी काढून द्यायची. सगळी गल्ली माझे गुण गायची आणि मलाही आपण अर्धे डॉक्टर झाल्यासारखे वाटायचे. खडखडाट मात्र थांबत नव्हता.

घरात तिघे होते. आत्या, तिचा भाचा आणि भाचेसून. भाचा लिफ्ट बसवायचे काम करायचा, त्यामुळे महिनोन्महिने बाहेरगावी असायचा. भाचेसून घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिला दिवस गेले होते, आणि आत्याने आत्तापासूनच जुन्या साड्यांची दुपटी शिवायला काढली होती.

एका दुपारी भाचा कामावरून परतला. दोघी बाजारात गेल्या होत्या. त्याने हातपायही न धुता मला फळीवरून खाली ओढले. लघवीला जळजळ होत होती, कपड्यांवर डाग पडत होते. "उन्हाळी लागली असेल," तो स्वतःशीच पुटपुटला. पण उन्हाळी लागलेला माणूस दाराला कडी लावून औषध शोधत नाही. बाहेरगावी काय घडले ते मी पाहिलेले नाही, म्हणून त्याबद्दल बोलणार नाही. दवाखान्यात जायची त्याला लाज वाटत होती, एवढे मी पाहिले.

त्याने आत्याच्या दाढेच्या कॅप्सूल काढल्या. थोड्या दिवसांत जळजळ कमी झाली, आणि त्याने उरलेल्या गुपचूप माझ्यात परत टाकल्या. पुढे भाचेसुनेलाही त्रास होऊ लागला. तिने दबक्या आवाजात आत्याला सांगितले. आत्या म्हणाली, "गरोदरपणात अंगात उष्णता वाढते गं. ही लाल-पिवळी घे, मला हिनेच गुण आला होता." म्हणजे बघा, एका दाढेचे औषध नवरा-बायकोने निम्मे-निम्मे वाटून घेतले. घासातला घास देणारे घर ते! पण औषध काही घास नव्हे.

दुखणे पुन्हा उलटले. या वेळी भाच्याने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून चिठ्ठीशिवाय जास्त जोराच्या गोळ्या आणल्या. बरे वाटताच त्याही अर्ध्यावर सोडल्या आणि माझ्यात आणून कोंबल्या. माझे झाकण बसेना. भाचेसून शिवता शिवता मध्येच थांबायची, पोटावर हात ठेवायची आणि पुन्हा यंत्र चालवायची. त्या यंत्राबरोबर मीही थरथरायचो. या मुलीला कुणी तरी धड डॉक्टरकडे न्या, असे मला ओरडून सांगावेसे वाटे.

शेवटी तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना संशय आला. त्यांनी दोघांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि घरात आधी घेतलेले सगळे औषध दाखवायला सांगितले. अहवाल आला त्या दिवशी आत्या मला छातीशी धरून त्या दोघांबरोबर दवाखान्यात गेली. पांढऱ्या टेबलावर माझे झाकण निघाले. बाईंनी एकेक पट्टी बाहेर काढली. एकही पूर्ण नव्हती.

"याला परमा म्हणतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "शरीरसंबंधातून एकाचा दुसऱ्याला होतो. लाजण्यासारखं काही नाही, पण लपवण्यासारखंही नाही."

"पण हिला बरं वाटलं होतं ना हो!" आत्या म्हणाली.

"बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, आत्या. कच्चे जंतू मेले, चिवट होते ते राहिले. या डब्यातल्या औषधांना हा जंतू आता दाद देत नाही. कदाचित आधीच हट्टी असेल, तुम्ही त्याला आणखी तालीम दिलीत. एक इंजेक्शन अजून चालतंय. दोघांनी आजच घ्यायचं, पुन्हा तपासणी होईपर्यंत दूर राहायचं. आणि बाहेर जिच्याशी संबंध आला, तिलाही कळवायचं."

भाच्याने मान खाली घातली.

"बाळाला काही होईल का?" भाचेसुनेने विचारले.

"जन्माच्या वेळी हा जंतू बाळाच्या डोळ्यांत गेला, तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून त्याआधी तुम्ही बऱ्या व्हायला हव्यात."

घरी आल्यावर तिने यंत्रावरचे कापड उगाच नीट केले. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तू मला नाही सांगितलंस. डब्याला सांगितलंस."

"भीती वाटली गं."

"मग आता माझी भीती कुठे ठेवू? या डब्यात?"

आतल्या खोलीत आत्या हातातले दुपटे उलटसुलट करत बसून राहिली.

माझी औषधे बाईंनी नष्ट करायला ठेवून घेतली होती. बिस्किटे संपल्यानंतर पहिल्यांदाच मी पूर्ण रिकामा होतो, तरी मला चैन पडेना. इंजेक्शन चालेल ना? तेही हरले, तर पुढे काय? फेरतपासणीचा निकाल येईपर्यंत त्या घरात कुणी धड जेवले नाही. निकाल चांगला आला. भाचेसून तेव्हा नवऱ्यासमोर पहिल्यांदा रडली, आणि तो तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.

मुलगी झाली. नर्सने लगेच तिच्या डोळ्यांत औषध घातले. पण डोळे शाबूत आहेत, एवढ्याने आत्याचे समाधान होईना. ती रोज बाळासमोर बोट फिरवायची.

आता माझ्यात गणवेशाची बटणे असतात. परवा भाचेसुनेने रडत्या बाळासमोर मला सहज हलवले. खडखड झाली. बाळ गप्प झाले. तिने मला डावीकडे नेले, बाळाचे डोळे डावीकडे आले. उजवीकडे नेले, डोळे उजवीकडे. झाकणावरच्या छत्रीवाल्या मुलीकडे बाळ टक लावून बघत राहिले. आत्याने पदर डोळ्यांना लावला. मित्रांनो, माझ्या खडखडाटाचे त्या दिवशी पहिल्यांदा सोने झाले.

तेवढ्यात दारात शेजारीण आली. चेहरा ओढलेला, आवाज दबका. "आत्या, डब्यात काही आहे का हो?"

"बटणं आहेत," आत्या म्हणाली. तिने पायात चपला सरकवल्या. "चल, दवाखाना उघडला असेल. मी येते तुझ्याबरोबर."

मित्रांनो, तुमच्याही घरी फळीवर माझा एखादा भाऊबंद असेल. दुसऱ्याचे औषध घेऊ नका, आपले अर्धे सोडू नका, आणि दुखणे डब्याला सांगू नका, माणसाला सांगा. जंतू इतका चिवट झाल्यामुळे जिच्या बाळाचे डोळे इंजेक्शनही वाचवू शकणार नाही, अशी आई अजून कुठे तरी शिवत बसलेली असेल. म्हणून तर, बटणे भरली तरी माझी खडखड थांबत नाही.