येत नसेल तर कोरं सोड

विल्डर चुंबिराईच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहिलं नाही असं नव्हे. पुन्हा पुन्हा लिहिलं. एका मसुद्यात मी उद्धट वाटलो, दुसऱ्यात लाचार, तिसऱ्यात तर एका पानावर तीन वेळा आभार मानलेले सापडले. शेवटी त्याचं पत्र शब्दकोशात घालून शब्दकोश कपाटावर ठेवून दिला.

पत्र साधंच होतं. "आदरणीय प्रोफे, माझ्या अकादमीत व्यवस्थापन शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा वर्ग काढतो आहे. तुमचं नाव, एखादा फोटो आणि तुमची गणिताची पुस्तिका वापरावी म्हणतो. हरकत असेल तर कळवा. काही कळवलं नाहीत तर संमती आहे असं समजेन. तुमचा जुना विद्यार्थी."

मी आयुष्यभर लिमातल्या अकादम्यांमधून सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचं गणित शिकवलं. खडूनं बोटं फुटलेला माणूस. माझा फोटो कोण बघणार? हरकत घ्यायची म्हणजे आपण हरकत घेण्याइतके कुणीतरी आहोत असं धरून चालायचं. ते मला जमलं नाही.

पुढच्या वर्षी जूनमधल्या एका दुपारी यानिरा माझ्या दारात उभी राहिली. ब्रेन्या वस्तीतल्या आमच्या चाळवजा गल्लीत तिचं घर अगदी तोंडाशी आहे, माझं शेवटी. तिची आई, दोन्या सोराइदा, म्हणजे सोराइदाबाई, बाजारात फळांच्या रसाचा ठेला चालवते. एके काळी तीही माझ्या वर्गात होती. यानिरा इंजिनियर झाली आणि द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत लागली. ही कंपनी दरवर्षी एका माणसाला स्वतःच्या खर्चानं व्यवस्थापन शाळेत पाठवते. यंदा नाव यानिराचं होतं. अट एकच, प्रवेशपरीक्षेत ठरलेले गुण हवेत.

तिनं टेबलावर एक कागद ठेवला.

"बघा, प्रोफे. तुमच्या कृपेनं."

गुण वाईट होते. नुसते कमी नव्हे, लाज वाटावी इतके कमी. ही मुलगी लहानपणी माझ्या पायरीवर बसून माझी कोडी मी वाचून संपवायच्या आत सोडवायची.

"माझी कसली कृपा?" मी विचारलं.

"कसली? सहा महिने तुमच्या फोटोखाली बसले मी. भिंतीवरून हसताय माझ्याकडे बघून. तुमचीच पुस्तिका, तुमचंच वाक्य. आईला म्हटलं, प्रोफेंना आधी सांगू नको, चांगले गुण घेऊनच पाया पडेन. घ्या, आले गुण."

मला काही कळेना. मग कपाटावरचा शब्दकोश आठवला.

"किती प्रश्न सोडवायचे राहिले?" मी विचारलं.

"शेवटचे सगळे. तिथे कागद नसतो, प्रोफे. कॉम्प्युटरवर एक प्रश्न येतो, तो झाला की दुसरा. मागे जाता येत नाही. मला खात्री वाटल्याशिवाय मी बटण दाबलं नाही. खात्री होईपर्यंत घड्याळ धावून संपलं."

"खात्री नसताना का नाही दाबलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही विचारताय हे?"

आता वाक्याबद्दल सांगतो. आमच्याकडे सरकारी विद्यापीठाच्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाचे कापत नाहीत. म्हणून वर्गात शिरताना मी पहिलं वाक्य म्हणायचो, "येत नसेल तर कोरं सोड." बाहेर पडतानाही तेच. अर्धी लिमा हे वाक्य ऐकत वाढली आहे. त्या परीक्षेपुरतं ते खरंही होतं.

यानिराच्या परीक्षेचं सूचनापत्रक मी मागून घेतलं आणि वाचलं. चुकलेल्याला थोडं नुकसान, न सोडवलेल्याला भरपूर. साध्या भाषेत, ठळक अक्षरांत लिहिलेलं. माझं वाक्य त्या परीक्षेत विष होतं आणि विल्डरनं ते भिंतीवर रंगवून घेतलं होतं.

"पुन्हा बसता येतं?"

"सप्टेंबरात. साहेब म्हणाले, त्या महिन्याअखेर गुण आले नाहीत तर मॅनेजरचा भाचा जाईल. त्याला टक्केवारी काढायला मोबाईल लागतो."

"चल," मी म्हणालो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण संतापानं माझ्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती. यानिरानंच बसमध्ये ती दाखवली.

अकादमी चौथ्या मजल्यावर होती. दारासमोरच मी होतो, माणसाच्या दुप्पट उंचीचा. जुन्या निरोपसमारंभाच्या फोटोतून मला कापून काढलेलं. स्वेटरच्या जागी कोट आणि टाय चढवलेला, आणि डोक्यावर काळेभोर केस, जे माझ्या लग्नाच्या वयातही नव्हते. खाली लाल अक्षरांत वाक्य.

फोटोखालच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, नातवासाठी चौकशी का?"

"वर बघ जरा," यानिरा म्हणाली.

मुलीनं वर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. "हे वारले ना?" ती म्हणाली.

विल्डर स्वतःच बाहेर आला. मिठी मारली, पाठ थोपटली, खुर्ची ओढली. "प्रोफे! कॉफी? एम्पानादा? अरे कुणीतरी प्रोफेंसाठी एम्पानादा आणा."

"मी परवानगी दिली नव्हती," मी म्हणालो. निदान म्हणायचं तरी होतं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच नीट ऐकू आला नाही.

"नाही पण म्हणाला नव्हतात. गप्प बसणं म्हणजे होकार, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी वाट बघितली की, प्रोफे. रीतसर पत्र टाकलं होतं."

"ही परीक्षा वेगळी आहे. ते वाक्य इथे..."

"परीक्षा ती परीक्षा. कोंबडीचं सूप केलं काय, कोंबडीभात केला काय, कोंबडी तीच."

"सूचनापत्रक वाचलंय तुम्ही?" यानिरानं विचारलं.

"वाचायला मुलं आहेत, सेन्योरिता. मी वर्ग चालवतो." तिचा कागद त्यानं दोन बोटांत धरला, वरखाली बघितला. "वाईट वाटून घेऊ नका. पडलेल्यांसाठी आपला दुसरा वर्ग आहे, सवलतीत. तिथेही नाही जमलं तर एखादा डिप्लोमा करा. सगळ्यांच्याच डोक्यात सगळं मावत नाही."

"माझ्या डोक्यात मावलं तेच नडलं. तुम्ही कोंबलेलं."

"मी?" विल्डर हसला. पहिल्यांदाच त्याच्या हसण्यात गोडवा नव्हता. "वाक्य माझं आहे का? विचारा यांना. एक गोल अंदाजानं भरला म्हणून यांनी मला सगळ्या वर्गासमोर बाहेर काढलं होतं. आठवतं, प्रोफे? विष असेल तर कालवलंय तुम्ही. मी नुसतं वाढलं."

मला आठवत होतं. मी उठलो. माझ्या हातात एम्पानादा होता, आमच्याकडची खिम्याची करंजी; कुणी कधी दिला कळलं नाही. यानिरानं तो काढून घेतला आणि विल्डरच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर ठेवला.

त्याला काय काय सुनवायला हवं होतं ते सगळं मला परतीच्या बसमध्ये सुचलं. मला सगळी उत्तरं बसमध्येच सुचतात. विल्डरचा राग येत होता, पण तो पुरता येईना, मध्येच स्वतःचा यायचा.

दुसऱ्या दिवसापासून यानिरा कामावरून परस्पर माझ्याकडे यायला लागली. गणित तिला येत होतं. शिकवायचं होतं ते न येणारं सोडून देणं, आणि तेही कोरं न सोडता. दोन्या सोराइदाकडचं अंडी उकडायचं घड्याळ मी मागून आणलं. ते वाजलं की जे बरं वाटेल त्या उत्तरावर बटणासारखं बोट दाबायचं आणि पुढे जायचं, एवढाच नियम.

घड्याळ वाजलं. यानिराची पेन्सिल चालूच.

"दाब," मी म्हणालो.

"अजून उत्तर आलं नाही."

"माहीत आहे. दाब."

"काय दाबू?"

"जे नक्कीच चूक आहेत ते काढून टाक. उरलेल्यांतलं एक."

"कुठलंच काढता येत नाहीये."

"मग ब."

"ब का?"

"ब का नको?"

तिनं पेन्सिल आपटली. "प्रोफे, माझ्या मावसभावाला तुम्ही यासाठीच ओणवं उभं केलं होतं. अंदाजानं ब लिहिलं म्हणून. घरी येऊन रडला होता तो."

"त्या परीक्षेत ते चूक होतं."

"आणि या परीक्षेत बरोबर. छान. आणि मी दोन्हीकडे मूर्ख."

"मूर्ख तू नाहीस," मी ओरडलो. मी ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. "मूर्ख तो आहे, आणि त्याला तसं तोंडावर न सांगणारा मी. आता दाब."

तिनं दाबलं. चुकलं. आम्ही पुढे गेलो.

असे कित्येक दिवस गेले. तिचा हात थबकायचा आणि खरं सांगायचं तर माझाही श्वास थबकायचा. चुकीच्या उत्तरावरून न थांबता पुढे जायचं, हे बघताना मला चर्चमध्ये कुणी थुंकल्यासारखं व्हायचं. पण मी घड्याळाला चावी देत राहिलो.

एकदा दोन्या सोराइदा पपईच्या रसाचा तांब्या घेऊन आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली.

"आमच्या वेळी ब म्हटलं असतं तर डस्टर डोक्यात बसला असता," ती म्हणाली.

"बसला असता," मी म्हणालो.

"म्हणून मी जवळजवळ सगळंच कोरं सोडलं. आणि बघा, तेव्हापासून पपया सोलतेय."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"अहो, तोंड का पडलं? पपई वाईट नसते. माझं गणित कच्चंच होतं, तुमचा त्यात काय दोष. हिचं मात्र पक्कं आहे. हिला कोरी सोडू नका म्हणजे झालं."

ती गेल्यावर यानिरा वहीतून मान वर न काढता म्हणाली, "एक विचारू? विल्डरला उत्तर का नाही दिलंत तुम्ही?"

"काय लिहावं याची खात्री नव्हती."

"तेच म्हटलं." तिनं पान उलटलं. "कोरं सोडलंत. आणि गुण माझे गेले."

घड्याळ वाजलं. तिनं उत्तर दाबलं आणि पुढे गेली. मी मात्र तिथेच राहिलो.

सप्टेंबरात ती परीक्षेला गेली. गुण तिथल्या तिथे पडद्यावर दिसतात. ती गल्लीत शिरली तेव्हा चालण्यावरून काही कळेना, म्हणून मी दाराआडच थांबलो. तिनं तोंडाशी असलेल्या आईच्या घरात न शिरता शेवटपर्यंत येऊन माझं दार ढकललं.

"एकही कोरा नाही," ती म्हणाली. "पाच-सहा तरी चुकले असतील. दोन तर डोळे मिटून ब."

"आणि गुण?"

"मॅनेजरच्या भाच्याला सांगा, द्राक्षं मोज म्हणावं."

मी खाली बसलो. कोऱ्या सोडलेल्या किती मुलांची नावं मला आठवली ते सांगत नाही.

राग तिथे संपायला हवा होता. पण आठवड्याभरात यानिराला पत्र आलं. अकादमीचाच कागद. "प्रिय यानिरा, तुमच्या घवघवीत यशाबद्दल अभिनंदन. आमची विद्यार्थिनी म्हणून तुमचा फोटो प्रोफेंच्या शेजारी लावत आहोत. हरकत असेल तर कळवा. काही कळवलं नाहीत तर संमती आहे असं समजू."

ती पत्र माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. कपाटावरचा शब्दकोश उतरवून तिनं माझ्यासमोर ठेवला, आणि त्याच्या शेजारी अंड्यांचं घड्याळ.

मी घड्याळाला चावी दिली आणि लिहिलं:

"विल्डर, हरकत आहे का असं तू मला विचारलं होतंस. आहे. माझा फोटो, माझं नाव, माझी पुस्तिका आणि ते वाक्य तुझ्या अकादमीतून काढ. वाक्य माझं आहे, हे तू बरोबर म्हणालास. म्हणून ते खाली उतरवायला सांगण्याचा हक्कही माझा. यानिराचा फोटो लावू नकोस. ती तुझ्यामुळे नव्हे, तुझ्या हातून सुटली म्हणून पास झाली. तुला एका गोलासाठी वर्गाबाहेर काढलं, ते मी चुकीचं केलं. पण त्याची शिक्षा तुझ्या वर्गातल्या मुलांना देऊ नकोस. उत्तराला उशीर झाला. त्याबद्दल माफी मागत नाही."

घड्याळ वाजलं. 'सुटली' बदलावं का असं माझ्या मनात आलं. यानिरानं कागद ओढून घेतला, माझ्या सहीखाली आपली सही केली आणि म्हणाली, "पुढे."

आमच्याकडे जे पत्र मिळालंच नाही असं समोरच्याला म्हणता येऊ नये ते नोटरीमार्फत पाठवतात. त्याचा माणूस दारात जाऊन ते देतो आणि दिल्याचा शिक्का घेऊन येतो. आम्ही दोघं नोटरीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पत्र पूर्ण वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"'माफी मागत नाही' हे राहू द्यायचं? सहसा लोक शेवटी सादर नमस्कार लिहितात."

"राहू द्या."

"एकदा गेलं की परत मिळणार नाही, सेन्योर."

"पाठवा," मी म्हणालो. या वेळी आवाज त्याला ऐकू गेला, मागच्या रांगेलाही गेला असावा.

त्यानं शिक्का मारला. 'सुटली' या शब्दाबद्दल मला अजूनही खात्री नव्हती, पण पत्र तोवर बाहेर जाणाऱ्या गठ्ठ्यात पडलं होतं.