तंगूसचे दहा वेढे

पाणी कुठलं आणि मासा केवढा, एवढंच मी गिऱ्हाइकाला विचारतो. बुधवार पेठेत अठ्ठेचाळीस वर्षं गळ विकतोय. तळ्याच्या संथ पाण्याला बारीक विणलेला दोरा आणि लहान रीळ. धरणाच्या खडकाळ काठाला जाड दोरा आणि मोठं रीळ. घ्या आणि निघा. नसत्या चौकशा करणाऱ्यांसाठी भिंतीवर पाटी आहे : 'रिळावर दोरा भरून मिळणार नाही. कसा भरावा, हेही विचारू नये.'

शनिवारी ऐन गर्दीत खराडीचा जयसिंग आला. महिन्यापूर्वी नेलेलं मोठं रीळ त्यानं काउंटरवर आपटलं आणि व्हिडिओ सुरू करून मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"काका, नकली माल विकता? आमच्या ग्रुपवर आठशे गळवाले आहेत. आज सगळ्यांना दाखवतो."

आठशे! माझं निम्मं गिऱ्हाईक त्या ग्रुपवरचं. दुकानाला टाळं लागायचं. माझं टाळकं सटकलं.

"झालं काय ते बोला. आपटाआपटी घरी जाऊन करा."

"नदीचं गटार झाल्यापासून आबांनी गळ हातात धरला नव्हता. वीस वर्षांनी पानशेतला नेलं. कटला लागला, बारा किलोचा तरी! रिळाचा ब्रेक आवळून आवळून बोटं सोलली त्यांची, तरी दोरा सुटतच राहिला. गेला मासा!"

त्याचे वडील, सोनबा, खाली पायरीपाशीच उभे होते. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

मी ब्रेक घट्ट आवळला आणि दोरा ओढला. आतली चकती हलली नाही. तिच्यावरचा दोऱ्याचा अख्खा गुंडा मात्र गरगर फिरला. मला हसूच फुटलं.

"घ्या, हे दाखवा आठशे जणांना! विणलेला दोरा गुळगुळीत असतो, नुसत्या धातूवर घसरतो. आधी तंगूसचे, म्हणजे नायलॉनच्या साध्या एकेरी दोऱ्याचे, दहा वेढे द्यायचे, मग त्याला हा बांधायचा. शेंबड्या पोरालाही कळतं. माल अस्सल आहे, भरणारा गाढव आहे!"

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. अब्रू वाचली म्हणून मीही हसलो.

"आबांनी भरलाय," जयसिंग म्हणाला.

"मग विचारायचं होतं!"

सोनबा पायरी चढून आत आले.

"इचारलं व्हतं की. रीळ घ्याया मी एकलाच आलो व्हतो, तवाच इचारलं. तुमी तोंड उघडलं नाय. नुस्तं त्या फळीकडं बोट केलं."

"मग वाचायची ना पाटी!"

"मला वाचाया येत नाय. मला वाटलं, भाईर जा म्हनताय. म्हनून गेलो."

हसणं थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तंगूसचं बंडल माझ्या हाताशीच होतं, त्या दिवशीही होतं. दोन मिनिटांचं काम.

जयसिंगनं मोबाइल माझ्यावरून काढून भिंतीकडे वळवला.

"आबा, ऐका," म्हणाला, आणि माझी पाटी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागला.