केसभर फरक

गेलं वर्षभर ती एकाच प्रोग्रॅमशी झटत होती. कॅन्सरच्या रुग्णाला किरणांचा डोस शरीरात कुठे किती बसेल, याचा हिशोब तो करायचा. जुन्या मशीनवर त्यात अख्खी सकाळ जाई आणि रुग्णांना दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा पडे. मग कंपनीने कॉम्प्युटरसाठी हजारो कोअरचं, म्हणजे एकाच वेळी हिशोब करणाऱ्या हजारो छोट्या मेंदूंचं, नवं कार्ड घेतलं. हिशोबाचे तुकडे करून सगळ्या कोअरना एकदम कामाला जुंपायची जबाबदारी तिच्या गळ्यात पडली.

ते जमलंही. चहा गार व्हायच्या आत उत्तर येऊ लागलं. साहेबांनी खूश होऊन हॉस्पिटलला तारीखही देऊन टाकली.

पण एकच हिशोब दोनदा चालवला की उत्तरं जुळेनात. साहेब म्हणाले, बेरजेचा क्रम बदलला की एवढा केसभर फरक पडतोच. तिलाही आधी तसंच वाटलं होतं. मात्र मणक्याला चिकटलेल्या एका छोट्या गाठीच्या हिशोबात फरक केसभर राहिला नाही, तेव्हा ती प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासायला बसली.

शोधता शोधता तिच्या नाकी नऊ आले. घरी सासूबाई ताट वाढून बसायच्या आणि ही भाजीत बोटं घालून भिंतीकडे बघत राहायची. सासूबाईंनी विचारणंच सोडून दिलं. शेवटी चूक सापडली. दोन कोअर एकाच वेळी एकच आकडा उचलत, आपापली भर घालून परत ठेवत. मागाहून ठेवणाऱ्याची भर टिके, पहिल्याची पुसली जाई.

प्रत्येक कोअरला वेगळी जागा द्यावी, तर कार्डाची मेमरी पुरेना. मग एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, असं तिने करून टाकलं. उत्तरं बरोबर आली, पण वेग निम्म्यावर आला.

साहेबांचा चेहरा उतरला. आत्ता जलदवाला देऊ, दुरुस्ती मागाहून करू, असं ते म्हणाले.

"चुकतो हे माहीत असून मी देणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती थेट हॉस्पिटलात गेली. डोस ठरवणाऱ्या तज्ज्ञ बाईंना तिने आधीची चूक आणि आत्ताचा वेग, दोन्ही न लपवता सांगितलं. बाईंनी मणक्याजवळच्या गाठीचा हिशोब दुरुस्त प्रोग्रॅमवर तिच्यासमोर पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. दर वेळी तेच उत्तर आलं.

"एवढ्या वेळात रुग्णाचे कपडेसुद्धा बदलून होत नाहीत," बाई म्हणाल्या. "आम्हाला याहून जलद हवंय, असं सांगितलं कुणी?"

बाईंनी साहेबांना तिथूनच फोन लावला. ते तयार झाले, पण कुरकुरतच. पुढचं मोठं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं, हे तिला तिथेच मोबाइलवर कळलं. वाईट वाटायला हवं होतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

बाहेर बाकावर रुग्ण आपापल्या पाळीची वाट बघत होते. ती जरा टेकावं म्हणून त्यांच्यात बसली आणि भिंतीला डोकं लावताच तिचा डोळा लागला. नर्सने हलवून विचारलं, "ताई, तुमचा नंबर झाला का?"

झाला, म्हणत ती उठली आणि पर्स शोधू लागली. ती तिच्या खांद्यालाच होती.