हैदराबादच्या हिशोबात मी नव्हते

मी शिलाई मशीन बोलतेय. नवीन जालन्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी माझी जागा. बोलायची मला सवय नाही, पण गेल्या महिन्यात या घरानं मला पार वैताग आणला, म्हणून बोलते.

माझी मालकीण दैवशाला. मंठ्याच्या तिच्या आईनं मला तिच्या लग्नात दिलं. पहिली चार वर्षं पिंपळगाव रेणुकाईला, तिच्या सासरी, माझ्यावर अंथरुणांची चवड होती. मग तिचा नवरा अंगद बियाण्यांच्या कंपनीत लागला, बिऱ्हाड जालन्याला आलं आणि दैवशालानं मला पुसून कामाला लावलं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. सणासुदीला तर माझं चाक थांबत नाही.

अंगदला बढती आली. पगार आठ हजारांनी जास्त, पण नोकरी तेलंगणात, हैदराबादजवळ. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत. अंगदनं मोठा कागद आणला, मधोमध रेघ मारली. डावीकडे महाराष्ट्र, उजवीकडे तेलंगणा. तो पसरायला घरात जागा कुठली सापडली? माझी फळी! खाली गिऱ्हाईक सोनूबाईंचं अर्धवट ब्लाउज दबलेलं.

रोज संध्याकाळी तिकडे राहणाऱ्या चुलतभावाला, कल्याणला फोन. आज कल्याण म्हणायचा, "भाडं एकदम कमी." उद्या म्हणायचा, "पण पाण्याचा टँकर धर." तांदूळ स्वस्त, तर ज्वारी महाग. दुधावर दोघं अर्धा तास भांडले. एक लिटरचा भाव सांगत होता, दुसरा अर्ध्या लिटरचा!

तेराव्या दिवशी बेरीज झाली.

"सगळा खर्च जाऊन महिन्याला पाच हजार जास्त उरतात," अंगद खुशीत म्हणाला. "मशीन इथंच विकून टाकू. गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार हाय."



दैवशाला कणीक मळत होती. तशाच हातानं आली, कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात माझी शिलाई कुठंय?"

"ते किरकोळ गं."

"महिन्याला सात हजार सुटतात. ह्या घराचं भाडं त्यातूनच जातंय. तिकडं मला कोण वळखतं? भाषा बी येत न्हाई."

अंगदनं पेन काढून वजाबाकी मांडली. पाचातून सात जाईनात. "मंग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"तुम्ही कल्याण भावजींना विचारून राह्यले होते. मला विचारलं कधी?"

गिऱ्हाईक आलं ते चहा पिऊन गेलं. अंगदनं बढती नाकारली. त्याचं दुःख मला कळतं. सहा वर्षं उन्हातान्हात त्यानं कंपनीसाठी शेतं तुडवली होती. पण आता भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणतो, "ह्या मशीनीपायी सगळं गेलं." हिशोब चुकला याचा आणि बोलणी मला!

काल मात्र तो दैवशालाजवळ येऊन बसला. "साहेब म्हणले, पुढच्या वर्षी परत विचारू."

"विचारू द्या. तिकडच्या बायका काय शिवून घेतात, ते मी कल्याण भावजींकडच्या जाऊबाईंना विचारून ठेवते. बराबर जमलं तर जाऊ."

अंगदनं मान डोलावली.

माझी दोघांना एवढीच विनंती. जा, नाहीतर राहा. भात खा, नाहीतर भाकरी. पण निघालात तर टेम्पोत आधी मला चढवा. मला तेलुगू येत नाही, पण ब्लाउजाचं माप तिकडेही टेपनंच घेतात.