लढाई दसऱ्यानंतर

“घट बसले की घराला कुलूप घालायचं नाही. एक तरी माणूस घरात हवंच.” आईचा हा शब्द सुनेत्राने इंग्लंडमधल्या वॉटफर्डातही पाळला होता. तिसरी माळ ओवत असतानाच बेल वाजली.

दारात शेजारचे मिस्टर ऑगस्टीन. भारी सभ्य गृहस्थ. आपल्या कचऱ्याच्या बिन्स बाहेर ठेवताना सुनेत्राच्याही ठेवायचे. आफ्रिकेतल्या त्यांच्या देशात बंड करणाऱ्या फौजेचे ते प्रवक्ते आहेत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण बिन्समुळे कुणी काही बोलत नसे.

“मिसेस सबनीस, सोमवारी पहाटे सहाला आम्ही राजधानीवर हल्ला करतोय. परदेशी रहिवाशांना निघायला सांगितलंय. सगळे गेले, एक नाव उरलंय. ही तुमची बहीण ना?”

यादीतलं नाव मीनाक्षीताईचंच! तिचा डॉक्टर नवरा पेशंट घेऊन आधीच सीमेपलीकडे गेला होता.

“परदेशी माणूस आत असताना हल्ला नाही, असा शब्द आम्ही रेडिओवर दिलाय. जनरल वैतागलेत हो.”

सुनेत्राने त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली आणि कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला.

“ताई, निघ ना गं!”

“निघू कशी? घट बसलेत. मागे कोण राहील, मांजर? त्या मेल्याला सांग, दसऱ्यापर्यंत थांब म्हणावं. शस्त्रपूजा न करता कसला निघालाय लढाईला!”

‘मेल्याला’ एवढं गाळून सुनेत्राने सांगितलं. ऑगस्टीननी तिथूनच जनरलना फोन करून विचारलं. झेंडूऐवजी दुसरी फुलं चालतील का, एवढीच जनरलना शंका होती. चालतील म्हटल्यावर लढाई दसऱ्यानंतर ठरली. ताईचं सीमोल्लंघनही दसऱ्यालाच, अगदी खरोखरीच्या सीमेवरून. सुनेत्राने देवीला हात जोडले.

आठव्या माळेला ताईचा फोन आला. मागे पोरांचा गलका.

“सुनू, माझ्या व्हरांड्यात सत्तर बायकापोरं येऊन बसलीत. मी आहे तोवर गोळी सुटत नाही, हे गावभर झालंय. दिव्याला तेलसुद्धा त्याच घालतात आता. मी गेले की यांचं काय गं?”

“नको निघूस,” सुनेत्रा म्हणाली, आणि आपल्याच शब्दाला घाबरली. “मी बघते. वचन देते तुला.”

दुसऱ्या दिवशी ऑगस्टीन डायरी घेऊन हजर. “मग उद्या निघणार ना त्या?”

“नाही हो.” तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “पुढे तिचे सोळा सोमवार आहेत. माझेही. व्रत जिथे धरलं तिथेच पुरं करायचं असतं.”

त्यांनी पानं उलटली. “म्हणजे जानेवारीअखेर.”

“सतराव्या सोमवारी उद्यापन. जेवायला या.”

ऑगस्टीननी तारीख लिहून घेतली. दारात मात्र थबकले. “माझी आई तिथेच असते. परदेशी नाही ना ती, म्हणून यादीत नाही.”

“तिलाही जेवायला बोलवेल ताई,” सुनेत्रा म्हणाली.

दार लावून ती देवापाशी आली. जन्मात खोटं बोलली नव्हती, आणि सोळा सोमवार अजून दोघींपैकी कुणीच धरले नव्हते. तिने ताम्हण पुढे ओढलं, फोन लावून पाटाशेजारी ठेवला.

“ताई, उजव्या तळहातावर पाणी घे,” ती म्हणाली, आणि पळी उचलली.