तुळशीच्या वाट्याचं पाणी

नमिता परुळेकरचं पोट जेवणानंतर फुगायला लागलं, तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. मुंबईत कुणाचं पोट फुगत नाही? वडापाव खाणाऱ्याचं फुगतं, रोज हॉटेलात जेवणाऱ्याचं फुगतं. पण नमिताचं दुखणं उलटं होतं. तिने वडापाव सोडला आणि मग तिचं पोट फुगायला लागलं.

झालं असं, की तिची साखर काठावर आली. लेक श्रुतिका कॉलेजात आहारशास्त्र शिकत होती, तिला घरातच आयतं गिऱ्हाईक मिळालं. पांढरा भात गेला, नाचणीची भाकरी आली. गव्हाचं पीठ चाळणं बंद झालं. मटकी, मूग, चणे यांना मोड यायला लागले. डब्यात काकडी, गाजर, बीट आणि कच्चा कोबी, आणि निजताना चमचाभर इसबगोल. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत इतकं पौष्टिक कधी शिजलं नव्हतं, आणि नमिताला इतकं अस्वस्थ कधी कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारचा डबा खाल्ला की थोड्याच वेळात पोट ढोलासारखं ताठ व्हायचं. ती ज्या साड्यांच्या दुकानात कामाला होती तिथे दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकांना पदर उलगडून दाखवायचे, आणि चेहरा हसरा ठेवायचा. ती हसायची आणि कपाटाआड जाऊन परकराची नाडी सैल करायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा सुबोध म्हणाला, दूध बंद कर. शेजारच्या पार्वतीकाकूंनी ओवा आणून दिला. श्रुतिकाने आधी कोबी बंद केला, मग चणे, मग मटकी. एकेक निरपराध भाजी घराबाहेर गेली, पोट मात्र होतं तिथेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला प्रकार.

नमिता वरून हसण्यावारी नेत होती, पण आतून ती पार धास्तावली होती. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. “गॅस आहे गं,” म्हणत आई ओवा चघळत राहिली, आणि दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. नमिता रोज अंघोळीनंतर आरशासमोर एका बाजूला वळून पोट बघायची. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. सांगितलं तर खरं होईल, असं तिला वाटत होतं.

अशात कणकवलीहून सुबोधची थोरली बहीण, विमलाताई, राहायला आली. उभा जन्म सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काढलेली बाई. निवृत्त झाली तरी नजर निवृत्त झाली नव्हती.

संध्याकाळी नमिता दुकानातून आली, पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतली. रोजचाच शिरस्ता. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. विमलाताई पलंगावर बसून बघत होती.

“काय गो, ह्या पाणी खयचा?”

“दुकानात नेलेलं, ताई. उरलेलं टाकून कशाला द्यायचं?”

“उरलेला? सकाळी भरून नेतंस, संध्याकाळी भरलेलीच आणतंस. तुळस बरी पोसलंस. आणि तू गो?”

“कामात वेळच मिळत नाही प्यायला.”

विमलाताईला राग आला की मालवणी संपायची आणि रुग्णालयातली मराठी सुरू व्हायची. ती सुरू झाली. “पाणी प्यायला कितीसा वेळ लागतो? नंतर जायला लागतं, अडचण तिथे आहे. खरं सांग.”

नमिताने सांगितलं. दुकानाच्या मागे एकच संडास होता. बाहेरचे लोक येऊन घाण करतात म्हणून शेठने त्याला कुलूप लावलं होतं. चावी हरवू नये म्हणून तिला लाकडी मीटरपट्टीचा मोडका तुकडा बांधलेला, चांगला हातभर. ती पट्टी घेऊन निघालं की सगळ्या दुकानाला कळायचं की बाई कुठे निघाली. गिऱ्हाइकांसमोर, पुरुष नोकरांसमोर. मग नकोच ते पाणी.

“आणि ती चावी असते कुणाकडे?”

“माझ्याच ड्रॉवरमध्ये. सीनियर आहे ना मी,” नमिता थोडी ताठ होऊन म्हणाली. “पण मी कधी नेत नाही. सकाळी घरातून निघाले की संध्याकाळी घरीच. सवय आहे मला.”

 विमलाताई उठली, वाटीत चमचाभर इसबगोल घेतलं, वर दोन चमचे पाणी घातलं आणि वाटी नमितासमोर ठेवली. गप्पा थोड्या पुढे सरकल्या तेवढ्यात तिने वाटी उपडी केली. आतला चिकट गोळा खाली पडायलाच तयार नव्हता.

“हे तुझ्या पोटात आहे बघ. कोंडा, कडधान्य, इसबगोल, सगळ्याला पाणी लागतं. तू खाणं वाढवलंस श्रीमंताचं आणि पाणी ठेवलंस वाळवंटातलं. ते तिथेच अडकून बसणार आणि वायू धरणार. शिवाय डबा खातेस कसा?”

“उभ्यानेच. गिऱ्हाईक असतं ना.”

“म्हणजे घासाबरोबर हवाही गिळतेस. आणि कच्चे मोड एकदम एवढे कशाला? पोटाला सवय करू द्यायची, शिजवून खायचे. बिचाऱ्या कोबीला उगाच घालवलात.”

एवढं सोपं असेल? नमिताला हायसं वाटायला हवं होतं, पण तिचे डोळेच भरून आले. “ताई, आईचंही असंच...” 

विमलाताईने तिचा हात धरला. “मग उद्या सोनोग्राफी. माझं निदान मी माझ्यापाशी ठेवते. पोट रोज फुगायला लागलं की दाखवायचंच, अंदाजावर बसायचं नाही. तुझी आई ओवा खात बसली. तू तुळशीला पाणी घालत बसू नकोस.”

सोनोग्राफी केंद्रावर सांगितलं, भरपूर पाणी प्या आणि लघवी धरून ठेवा. बाकावरच्या बायका चुळबुळत होत्या, पुन्हापुन्हा काउंटरवर जाऊन विचारत होत्या. नमिता एकटी शांत बसली होती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “तुम्हाला अजून लागली नाही का?”

“लागलीय. पण मी राहू शकते,” नमिता म्हणाली, आणि आपल्या आवाजातली फुशारकी तिचीच तिला ऐकू आली. विमलाताई शेजारून नुसती बघत होती. कसलं हे कौशल्य, आणि कुणाच्या सोयीसाठी कमावलं आपण? त्या बाकावर पहिल्यांदाच तिच्या मनात हा प्रश्न आला.

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पडद्यावर पाहिलं, पुन्हा फिरवलं.  “गाठबिठ काही नाही,” त्या म्हणाल्या. “आतड्यात गॅस भरपूर आहे आणि कोठा साफ नाही. पाणी पिता की नाही तुम्ही?”

जिन्यात येऊन नमिता रडली. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरला होता.

वाचकहो, गोष्ट इथेच संपली असती तर ती एका पोटाची गोष्ट झाली असती. पण नमिता दुसऱ्या दिवशी दुकानात गेली.

ठरवल्याप्रमाणे ती पाणी प्यायली. दुपारच्या आत तिला ती पट्टी हातात घ्यावी लागली. काउंटरपासून मागच्या दारापर्यंतची वाट तिला संपता संपेना. गल्ल्यावरच्या निलेशने वर पाहिलं, दोन गिऱ्हाइकांनी पाहिलं. कानशिलं तापली. परत येऊन ती चावी ड्रॉवरमध्ये ठेवते आहे तोच प्रांजल समोर आली. दुकानातली सगळ्यात नवी मुलगी.

“मॅडम, चावी.”

“आता परत? सकाळीच गेली होतीस ना,” नमिताच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“राहू दे मॅडम,” प्रांजल म्हणाली आणि वळली. तिचे ओठ सुकलेले होते. एक हात ओटीपोटाशी होता.

नमिताची नजर काउंटरखाली गेली. तिथे मुलींच्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. दुपार झाली होती आणि एकूण एक बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. नव्या मुलीला साडीची घडी घालायला कोण शिकवतं? नमिता. आणि त्याच दिवशी कानात कोण सांगतं, “पाणी जरा बेताने पी गं, सीझन आहे”? तेही नमिताच! शेठने कुलूप लावलं होतं दाराला. या मुलींच्या तोंडाला कुलूप तिनेच लावलं होतं.

तिने चावी उचलली, प्रांजलच्या हातात दिली आणि तशीच शेठच्या केबिनमध्ये गेली.

“शेठ, मागचं कुलूप काढायचं आहे.”

चंद्रप्रकाशशेठ चकित झाले. “कुलूप काढलं की बाहेरचे सगळे येणार, नमिताबेन. मग घाण.”

“कुलूप बाहेरच्यांसाठी लावलं, अडकलो आम्ही. दुकान उघडं असेतोवर ते दार उघडं हवं. आतून चांगली कडी लावून द्या. साफसफाईवर मी लक्ष ठेवते.”

“पण तुम्हीच तर सांगता, मी दिवसभर जात नाही. इतकी वर्षं काही झालं नाही.”

“काल सोनोग्राफी करून आले, शेठ. इतकी वर्षं काय झालं ते काल कळलं.” तिने दाराकडे बोट केलं. “आणि बाहेर ती प्रांजल पोट धरून उभी होती. तिला आजच डॉक्टरकडे पाठवते आहे. उद्या दुसरी आजारी पडेल. आम्ही माणसं आहोत, शेठ. पाणी पिणार आणि जाणारही.”

शेठने समोरचा फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाले, “महिनाभर करून बघू. घाण दिसली तर पुन्हा कुलूप.” फार मोठ्या मनाने म्हणाले असं नाही, पण म्हणाले. नमिताने बाहेर येऊन त्या पट्टीचा दोरा कात्रीने कापला.

प्रांजलला लघवीचा संसर्ग निघाला, औषधाने ती बरी झाली. नमिताचं पोट काही एका दिवसात उतरलं नाही. मोड आता शिजायला लागले, कोबी परत आला, डबा स्टुलावर बसून खाल्ला जाऊ लागला, आणि हळूहळू परकराची नाडी जागेवर राहायला लागली. पण पट्टी नसली तरी त्या दाराकडे जाताना मुली अजून इकडेतिकडे बघून जातात. लाजेचं कुलूप कात्रीने निघत नाही. म्हणून नमिता रोज सकाळी सगळ्यांसमोर पहिला घोट घेते आणि म्हणते, “प्या गं.”

परवा विमलाताईचा फोन आला. “तुळस कशी हा गो?”

“तिला आता नळाचं पाणी घालते, ताई,” नमिता म्हणाली. “बाटली रिकामी येते.”

आपण सगळे ताटात काय वाढलंय ते फार बारकाईने बघतो. भाकरी नाचणीची की ज्वारीची यावर वाद घालतो. पण जिथे बाईला घोटभर पाणी प्यायची भीती वाटते, तिथे सगळ्यात चांगलं अन्नही तिच्या अंगी लागत नाही. तर वाचकहो, आज संध्याकाळी आपली बायको, बहीण, लेक कामावरून आली की तिची बाटली जरा उचलून बघा. जड लागली, तर डब्यात काय होतं ते विचारू नका. ती जिथे राबते तिथलं ते एक दार उघडं असतं का, ते विचारा. आणि नसेल, तर तिच्याबरोबर जाऊन ते उघडा.